अगदी मऊ टोकांचा बॅजर ब्रश हवाय, काय बघून घ्यावा?

सुदामानगरी (इंदूर)
मंडळी, विषय चैनीचा आहे हे आधीच कबूल. पहिल्याच प्रतिसादात कुणी ते सांगायचे कष्ट घेऊ नयेत.

दाढीसाठी मी सेफ्टी रेझर आणि वाटीतला साबण यावर स्थिरावलोय. ब्लेडं बदलून झाली, साबण बदलून झाला. राहिला ब्रश. तो अजून कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअरमधला, नायलॉनचा. गालावर फिरवला की काथ्याने भांडी घासल्यासारखं वाटतं. हनुवटीखाली, घाटीपाशी लाल ठिपके उठतात ते संध्याकाळपर्यंत जात नाहीत.

आता बॅजर नावाच्या रानटी जनावराच्या केसांचा ब्रश घ्यायचा विचार आहे. अट एकच, टोकं अगदी मऊ हवीत. परदेशी मंडळी 'जेल टिप' म्हणून ज्याचं कौतुक करतात तसली. प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप या पायऱ्यांत मऊपणा नेमका कुठून सुरू होतो? झुबक्याचा व्यास २२, २४, २६ मिलिमीटर यांतला कुठला घ्यावा? इंदुरात कुठे हात लावून बघायला मिळतो का? बजेट चार-पाच हजार. 'सिंथेटिक घे' म्हणणाऱ्यांनी कृपया कारणही सांगावं.

मिशीत_हसू
चार-पाच हजारांचा ब्रश! तेवढ्या पैशात आख्खा हिवाळा सराफ्याच्या खाऊगल्लीत तळलेले गराडू खाशील, भिया.

उंदीरमामा
जागा राखून ठेवतोय. घरी गेल्यावर सविस्तर लिहितो.

निरागस
दाढी राखा. प्रश्न मिटला, पैसे वाचले.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
माझा आवडता विषय, त्यामुळे लांबण लागेल.

पहिलं म्हणजे ग्रेडच्या नावांवर जाऊ नका. ती कुठल्या मानक संस्थेने ठरवलेली नाहीत, प्रत्येक कारखानदार आपापली लावतो. एकाचा 'सुपर' दुसऱ्याच्या 'बेस्ट'पेक्षा राठ निघू शकतो. नावापेक्षा केस बघायला शिका.

बॅजरचा एक केस उजेडात धरला तर बुडाशी पांढुरका, मध्ये काळा पट्टा आणि टोक पुन्हा पांढरं दिसतं. ब्रशमध्ये बुडाचा पांढरा भाग दांड्याच्या वर दिसत असेल तर त्याला थ्री बँड म्हणतात, फक्त काळा आणि पांढरा दिसत असेल तर टू बँड. सर्वसाधारणपणे थ्री बँड सिल्व्हरटिपचा केस बारीक आणि लवचीक, टू बँडचा जाडसर आणि ताठ. 'प्युअर' म्हणजे अंगावर सगळ्यात जास्त मिळणारा करडा-काळपट केस. तो स्वस्त आणि टोचरा.

आता टोकांचं. हलक्या ब्रशात केसांचा झुबका बांधून झाल्यावर वरून कात्रीने घुमट छाटतात. छाटलेलं टोक बोथट असतं, ते टोचणारच. चांगल्या ब्रशाला वरून कात्री लागत नाही. कारागीर केसांची टोकं खाली करून साच्यात भरतो, ठोकून घुमट बसवतो, बुडाशी दोरा आवळतो आणि जास्तीचे केस बुडाकडून कापतो. म्हणजे गालाला लागतं ते केसाचं जन्मजात निमुळतं टोक. मऊपणा तिथून येतो, ग्रेडच्या चिठ्ठीतून नाही.

'जेल टिप'मध्ये बहुतेक वेळा टोकांवर ब्लीचसारखी प्रक्रिया केलेली असते. टोकं शुभ्र होतात आणि किंचित आत वळतात. ओला ब्रश गालावर दाबून उचलताना ती एकमेकांना धरून राहतात, सुटायला क्षणभर वेळ घेतात. तीच ती जेलची भावना. ज्यांना आवडते त्यांना फार आवडते. मला स्वतःला ती थोडी गिळगिळीत वाटते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टोकांचा मऊपणा आणि ब्रशाचा कणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोकं मऊ पण कणाच नाही असा ब्रश साबणावर फिरवला की आडवा पडतो. मग आपण जोर लावतो, केस फाकतात, आणि मऊ ब्रश घेऊनही गाल लाल होतो.

मिशीत_हसू
कणा नसलेले मऊ लोक आमच्या ऑफिसातही आहेत. साहेबांच्या गालाला लागतात फक्त.

उंदीरमामा
लष्करवाल्यांनी माझा प्रतिसाद चोरला. जागा सोडतोय.

अवंतिका_७ (इंदूर)
दाढी करत नाही, तरी मध्ये बोलते, कारण ब्रश मीही विकत घेते. मेकअपचे चांगले ब्रश पूर्वी खारीच्या, बकरीच्या केसांचे असायचे, आता बरेचसे सिंथेटिक आहेत. तिथेही हीच गंमत आहे. दुकानात कोरडा ब्रश मनगटावर फिरवला की सगळेच मऊ लागतात. खरी परीक्षा टोकांवर सरळ दाब देऊन. तळहाताच्या मागच्या बाजूला ब्रश उभा धरून दाबा, फिरवू नका. टोचणारं एक टोक असलं तरी कळतं.

आता माझा प्रश्न. हे केस मिळतात कसे? मेंढीची लोकर कातरतात तसं बॅजरचं करत नसावेत.

बडोद्याचा_बंडू
अवंतिकाताईंनी नेमका मुद्दा काढला. आमच्या शेजारच्या काकांना मी बॅजर म्हणजे काय ते सांगायला गेलो, तर त्यांना थेट घोरखोदियुं आठवलं. "जे जनावर कबरी उकरतं, त्याचे केस तू तोंडाला लावणार?" तेव्हापासून ते माझ्याकडे चहाला आलेले नाहीत.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
बंडू, काकांना सांगा की तो आपला बिज्जू, तो वेगळा. ब्रशात येतो तो आशियाई बॅजर, आणि आज जगात वापरला जाणारा जवळजवळ सगळा केस चीनमधून येतो. ब्रश जर्मनीत बांधलेला असो की इंग्लंडमध्ये, केस चिनीच. ब्रिटनमध्ये बॅजरला हात लावायची सोय नाही, १९९२ चा स्वतंत्र कायदाच आहे. आपल्याकडे बिज्जू आणि ईशान्येतला हॉग बॅजर, दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

अवंतिकाताई, उत्तर कडू आहे. केस कातरत नाहीत. जनावर मारून कातडं काढतात, केस त्यातून निघतो. काही माल रानातल्या जनावरांचा, काही फार्मवरचा. २०१८ साली 'पेटा' या प्राणिहक्क संस्थेने चीनमधल्या फार्मांची चित्रफीत बाहेर काढली, ती बघवत नाही. तेव्हापासून कित्येकांनी बॅजर सोडला. मी माझे जुने दोन वापरतो, नवा घेणार नाही. सल्ला मागितला म्हणून माहिती दिली, उपदेश करत नाहीये.

अवंतिका_७ (इंदूर)
स्पष्ट सांगितलंत, आभार. माझं मत मग ठरलं. सुदामानगरी, तुमचं तुम्ही बघा.

खमंग
चित्रकारांचं पण हेच झालं होतं. मुंगसाच्या केसांचा कुंचला एके काळी सगळ्यांच्या पेटीत असायचा. वन्यजीव कायद्यात तो बसत नाही, उत्तर प्रदेशातल्या शेरकोटसारख्या कुंचल्यांच्या गावांत धाडी पडल्या आहेत. तरी चोरून विकतातच. दुकानदार 'असली नेवला' म्हणून कानात सांगतो आणि वर वीस रुपये जास्त घेतो.

कृष्णपुरा_कट्टा (इंदूर)
सगळं वाचलं. तुम्ही पोरं ब्रशाला फार डोक्यावर घेता. आमचे वडील ओट्यावर बसून न्हाव्याकडून दाढी करवत. त्याच्या धोकटीत एकच ब्रश, तोच सगळ्या वाड्याला. पुरळबिरळ कुणाला झालेलं आठवत नाही.

लाल ठिपके ब्रशाने येत नाहीत, हातात जोर असला की येतात. रेझर गालावर वजन न देता चालला पाहिजे. घाटीपाशी केस कुठल्या दिशेला वाढतात ते बोटाने चाचपून बघा. बहुतेकांचे तिथे आडवे असतात, आणि माणूस सवयीने खालून वर ओढतो. आधी गरम पाण्याचा टॉवेल, मग फेस, शेवटी तुरटी. ब्रशाला मध्ये आणायची गरज नाही.

डॉक्टर_साठीचे
कट्टाकाका, "तोच सगळ्या वाड्याला" हे अभिमानाने सांगू नका हो! एकाच ब्रशाने वाडाभर बुरशी आणि फोड वाटले जातात.

यावरून एक जुनी गोष्ट. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपातून बॅजरचा केस मिळेनासा झाला. मग घोड्याचा केस रंगवून, मध्ये काळा पट्टा आणून, बॅजर म्हणून ब्रश विकले गेले. तो केस नीट निर्जंतुक केलेला नसायचा. त्यातून दाढी करताना झालेल्या बारीक जखमांतून सैनिकांना आणि साध्या नागरिकांनाही काळपुळी (अँथ्रॅक्स) झाली, काही दगावले. शेवटी १९२० साली ब्रिटनने जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली. आज नव्या ब्रशात हा धोका जवळपास नाही, पण जुन्या बाजारात कुणी 'आजोबांच्या काळचा, खास विलायती' म्हणून देऊ लागला तर कपाटात ठेवा, गालाला लावू नका.

मिशीत_हसू
दाढी राखा या निरागस यांच्या सल्ल्याला माझं अनुमोदन.

निरागस
मी पहिल्यापासून सांगतोय.

खमंग
रंगवलेल्या केसांचा धंदा अजून बंद झालेला नाही. माझ्या भावाने एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'सिल्व्हरटिप' मागवला. पहिल्याच दिवशी पांढऱ्या फेसात राखाडी धार उतरली. नीट पाहिलं तर काळा पट्टा सगळ्या केसांवर एकाच उंचीवर, पट्टीने आखल्यासारखा. खऱ्या केसात पट्टा थोडा खाली-वर असतो आणि कडेला विरत जातो. एक केस ओढून जाळून बघा असंही सांगतात, पण नायलॉन वितळतं आणि केस जळका वास देतो एवढंच त्यातून कळतं. डुकराचा की बॅजरचा ते नाही कळत.

सुदामानगरी (इंदूर)
बाप रे, केवढी चर्चा! लष्करवाले, विशेष आभार. चीनबद्दल वाचून मन थोडं कचरलं हे खरं. पण हौसही जात नाहीये. दोन्ही बाजू ऐकून घेतो. सिंथेटिकबद्दल अजून कुणी काहीच सांगितलं नाही.

कट्टाकाका, दिशा बदलून पाहिली आहे. फरक पडला, पण ठिपके राहिलेच.

पीथमपूर_पॅसेंजर (इंदूर)
सिंथेटिकबद्दल मी सांगतो. आमचं कामच धाग्यांशी आहे. दाढीच्या धाग्यांशी नाही, पण नातं जवळचं.

तुमचा जनरल स्टोअरवाला ब्रश आणि आजचा चांगला सिंथेटिक ब्रश यांची तुलना करू नका. जुना नायलॉनचा धागा बुडापासून टोकापर्यंत एकाच जाडीचा असतो आणि टोक कापलेलं असतं. त्यामुळे तो टोचतो. नव्या धाग्यांपैकी बरेचसे पीबीटी नावाच्या पॉलिस्टरचे असतात. धाग्यांची टोकं गरम अल्कलीच्या द्रावणात बुडवली की पॉलिस्टर हळूहळू विरघळतं आणि टोक निमुळतं होत जातं. दातांच्या 'एक्स्ट्रा सॉफ्ट' ब्रशातही हीच युक्ती वापरतात. म्हणजे लष्करवाल्यांनी सांगितलेलं निमुळतं टोक इथे कारखान्यात तयार होतं, आणि प्रत्येक धाग्यावर सारखंच.

फायदे म्हणजे भिजवावा लागत नाही, लवकर वाळतो, केस गळत नाहीत, ओल्या जनावराचा वास नाही. तोटा एकच, आणि तो हाताला जाणवतो. बॅजरचा केस पाणी धरून ठेवतो आणि फेस बनवताना थोडं थोडं सोडतो. सिंथेटिक धरत नाही, दाबला की पाणी एकदम बाहेर. पहिले काही दिवस मनगटावरून ओघळ कोपरापर्यंत जातो. पाणी कमी घ्यायची सवय लागली की जमतं.

आता माझा उलट प्रश्न. सुदामानगरी, तुम्ही पाणी कुठलं वापरता, नर्मदेचं की बोअरचं?

मिशीत_हसू
इंदुरातली कुठलीही चर्चा दहाव्या प्रतिसादानंतर नर्मदेवर येतेच.

सुदामानगरी (इंदूर)
नर्मदा एक दिवसाआड येते. वरच्या टाकीत बोअरचंही सोडतो, त्यामुळे मिसळ म्हणा. बेसिनच्या नळाच्या तोंडाशी पांढरा थर बसलेला असतो. का बरं?

पीथमपूर_पॅसेंजर (इंदूर)
मला वाटलंच होतं. तो पांढरा थर म्हणजे कॅल्शियमचे क्षार. दाढीचा साबण म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्लाचे सोडियम-पोटॅशियमचे क्षार. जड पाण्यातला कॅल्शियम त्यांना जाऊन चिकटतो आणि न विरघळणारा चोथा होतो. बादलीच्या कडेला साबणाचा जो करडा चिकट कड येतो, तोच. म्हणजे वाटीत फेस दिसतो खरा, पण त्यातला बराच साबण आधीच फुकट गेलेला असतो. तो फेस पोकळ असतो, गालावर चढेपर्यंत बसतो, आणि रेझर कोरड्या कातडीवर चालतो. वर तो चोथा ब्रशाच्या टोकांवर वाळला की मऊ टोकही काही आठवड्यांत कडक होतं.

एकदा करून बघा. दोन वाट्या, दोन्हीत तोच साबण, तोच ब्रश मध्ये धुऊन. एकीत नळाचं पाणी, एकीत आरओचं. फेस झाल्यावर पाच मिनिटं नुसतं बाजूला ठेवा आणि बघा कुठला टिकतो. आणि रेझर ओला करायलाही तेच पाणी घ्या, नाहीतर निम्मा फायदा जाईल.

कृष्णपुरा_कट्टा (इंदूर)
हे मात्र पटलं. नर्मदा शहरात १९७८ साली आली. त्याआधी विहिरीच्या पाण्यात साबण लावला की हातावर नुसता चिकटा राहायचा. नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटरवरून, निमाडातून पठारावर चढवून पाणी आणायचं आणि आपण त्यात बोअरचं मिसळायचं, हे मात्र आपल्यालाच सुचतं.

बडोद्याचा_बंडू
कट्टाकाका, एक दिवसाआड येतं म्हटल्यावर माणसाने दुसरं काय करावं?

कृष्णपुरा_कट्टा (इंदूर)
दाढी एक दिवसाआड करावी.

उंदीरमामा
हसून हसून पुरेवाट. काका पेटले.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
पॅसेंजर यांचा मुद्दा सोळा आणे खरा. माझ्या ब्रशावरही क्षार बसतात. वाळल्यावर टोकांची झुपक्यांत गुंतलेली टोळकी दिसली की समजायचं. उपाय सोपा, एक भाग पांढरं व्हिनेगर आणि आठ-दहा भाग कोमट पाणी. त्यात थोडा वेळ ब्रश फिरवायचा, मग साध्या शॅम्पूने धुवायचा. उकळतं पाणी नको, झुबका चिकटवलेला डिंक ढिला पडतो. पावसाळ्यात बंद बाथरूमच्या कपाटात ठेवू नका, बुडाशी बुरशी धरते. खिडकीत ठेवा. उलटा टांगावा की उभा ठेवावा यावर लोक उगाच भांडतात, हवा लागली की झालं.

आता मापाचा प्रश्न राहिला होता. झुबक्याचा व्यास हा निम्मा हिशेब, दुसरा निम्मा म्हणजे लॉफ्ट, दांड्याच्या तोंडापासून टोकापर्यंतची उंची. २४ चा ब्रश ५० लॉफ्टचा असेल तर कणा टिकतो, ५५ चा झाला की पडतो. विक्रेता फक्त व्यास लिहितो आणि लॉफ्ट लिहीत नाही, तिथे विचारून घ्या. सांगत नसेल तर सोडून द्या.

फेस वाटीत करत असाल तर थोडा लवचीक, थ्री बँड ब्रश चालतो, पाणीही भरपूर धरतो. थेट गालावर फेस घोटत असाल तर टू बँड, घट्ट भरलेला, लॉफ्ट कमी. तुम्हाला मऊ टोकं हवीत आणि कातडी नाजूक आहे, म्हणजे जोर लावायची वेळ येऊ नये म्हणून कणाही हवा. माझ्या मते टू बँड, २४/५०, पण फेस वाटीत. गालावर फक्त शेवटचे दोन-चार हात, तेही रंगवल्यासारखे, गोल घासायचे नाहीत. २६-२८ च्या मागे लागू नका. तो ब्रश नाकाखाली मावत नाही आणि साबण दुप्पट पितो.

कंपन्यांचं म्हणाल तर केंट १७७७ पासूनची, प्लिसाँ १८०८ ची, सिम्प्सन १९१९ ची. नावं मोठी, सिल्व्हरटिपच्या किमती तुमच्या बजेटच्या पलीकडे. तुमच्या पैशात याकी या चिनी कंपनीचे टू बँड येतात. सिंथेटिकमध्ये याकी आहेच, आणि थोडे जास्त घातले तर म्यूले कंपनीचा, जर्मनीतल्या स्टुट्झेनग्रूनचा.

अवंतिका_७ (इंदूर)
इंदुरात हात लावून बघायचा प्रश्न कुणी घेतलाच नाही. मी विचारून ठेवलं आहे. शीतलामाता बाजारात साडी मिळेल, जेल रोडवर मोबाईल मिळेल, मॉलमध्ये पारदर्शक डबीत सीलबंद ब्रश मिळेल. उघडून दाखवा म्हटलं तर मुलगी म्हणाली, "मॅम, खोला तो लेना पड़ेगा." त्यामुळे ऑनलाइनच.

मिशीत_हसू
घरच्यांना काय सांगणार? आमच्याकडे जैन शेजार, सासूबाई रोज देवासमोर. 'जनावराच्या केसांचा ब्रश, देवघराच्या भिंतीपलीकडे' असा मथळा होऊन घरात चर्चासत्र बसेल.

बडोद्याचा_बंडू
सिंथेटिक घ्या आणि सासूबाईंना सांगा की बॅजरला सोडून दिलं. पुण्यही पदरात.

खमंग
डुकराच्या केसाचा विचार कुणी केला का? ओमेगा इटलीतली, १९३१ पासूनची, स्वस्तात देते. सुरुवातीला चांगलाच राठ असतो, पण वापरून वापरून टोकं फुटतात, एका टोकाची दोन-तीन होतात, आणि मग जे मऊ होतं ते बॅजरलाही जमत नाही. धीर हवा.

मिशीत_हसू
सासूबाईंना हा पर्याय तर अजिबातच सांगत नाही.

सुदामानगरी (इंदूर)
पॅसेंजर यांचा दोन वाट्यांचा प्रयोग केला. नळाच्या पाण्याचा फेस दिसायला मोठा होता, पण ठेवल्यावर मधूनच खाली बसला आणि कडेला नुसता पाण्याचा पट्टा उरला. आरओच्या पाण्याचा आधी कमी फुगलेला दिसत होता, पण चकचकीत. चमचा उभा धरला तरी ओघळत नव्हता. त्यानेच दाढी केली, रेझरही त्याच पाण्यात बुडवला. नायलॉनचा ब्रश टोचला तो टोचलाच, पण घाटीपाशी ठिपके जेमतेम एक-दोन. म्हणजे ठिपके पाण्याचे आणि टोचणं ब्रशाचं, अशी वाटणी झाली.

ब्रश तरी घेणारच आहे. पण बॅजर नाही. चीनचं वाचल्यापासून मन धजत नाही, आणि पॅसेंजर यांनी टोक कसं निमुळतं करतात ते सांगितल्यावर कारणही मिळालं. २४ चा सिंथेटिक, लॉफ्ट ५० च्या आसपास, विक्रेत्याला लेखी विचारून मागवला. बजेटच्या निम्म्यातही बसला.

निरागस
उरलेल्या पैशांचे गराडू?

सुदामानगरी (इंदूर)
उरलेल्या पैशांतून आरओचा फिल्टर बदलणार. बायको म्हणतेय, दाढीला आरओ वापरायचा तर खर्च दाढीच्या खात्यातून.

कृष्णपुरा_कट्टा (इंदूर)
सून शहाणी आहे.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
उत्तम. ब्रश आला की टोकांचा फोटो जवळून टाका, बाजूने प्रकाश घेऊन. डबीचा नको, डब्या सगळ्यांच्या छानच असतात. आणि पहिल्या दिवशी पाणी चांगलं झटकून घ्या, नाहीतर पॅसेंजर म्हणतात तसा ओघळ बनियनपर्यंत येईल.